लग्न आणि संसार : 'जिंदगी गुलजार है' या उर्दू मालिकेविषयी

(राजूर येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना दोन प्रश्न विचारले गेले म्हणे. पहिला असा, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने टीव्हीवरच्या मालिकेवर तासभर बोलावं असं त्यात काय आहे? आणि दुसरा, बोलायचंच तर मराठी मालिका काय कमी पडल्या, पाकिस्तानातली उर्दू मालिका कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं देऊनच पुढे जाऊ.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सत्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, याचा विचार करायला बहुतेक माणसांना आयुष्यात फुरसत होत नाही. पण लग्न बहुतेक सगळे करतात. दुसऱ्या माणसाला जन्मभराचा शब्द देणं ही सामान्य माणसाच्या हातून घडणारी सर्वात मोठी नैतिक कृती आहे. आता हा शब्द कसा द्यायचा, कसा पाळायचा, हे आपण शिकतो कुठे? पूर्वी जात्यावरच्या ओव्यांतून, कीर्तनातून, आजीच्या गोष्टींतून शिकत होतो. आज संध्याकाळी सात ते दहा, घराघरांत, मालिकांतून शिकतो. इथे डांगाणातल्या वाड्यावस्त्यांवरही छपरावर डिशची तबकडी दिसतेच. जिथून इतकी माणसं इतकी मोठी गोष्ट शिकतात, ते तपासून बघणं हे तत्त्वज्ञानाचंच काम आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. उर्दू आपल्याला परकी आहे हा समज मुळात काढून टाका. उर्दू गझलेचा आद्य कवी म्हणून ज्याचं नाव घेतात तो वली, वली औरंगाबादी म्हणूनही ओळखला जातो. मालेगावात, भिवंडीत, औरंगाबादेत आजही लाखो माणसं घरात उर्दू बोलतात. आणि ज्या मालिकेबद्दल मी बोलणार आहे ती आपल्या घरात आली मुंबईहूनच. झी समूहाने २३ जून २०१४ रोजी 'जिंदगी' नावाची वाहिनी सुरू केली, आणि तिच्या पहिल्याच मालिकांमध्ये 'जिंदगी गुलजार है' होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, जिथे उर्दूचं अक्षरही कुणाला वाचता येत नाही, तिथे ती मन लावून पाहिली गेली. वय झालेल्या बायकांनी पाहिली, कॉलेजातल्या मुलींनी पाहिली, आणि 'आम्ही मालिका बघत नाही' असं सांगणाऱ्या पुरुषांनी पाठमोरं बसून पाहिली.

(हशा)

मूळ प्रसारण पाकिस्तानात हम टीव्हीवर नोव्हेंबर २०१२ ते मे २०१३ या काळातलं. आठवड्याला एक, असे एकूण २६ भाग. लेखिका उमेरा अहमद, दिग्दर्शिका सुलताना सिद्दीकी. कादंबरीही उमेरा अहमद यांचीच. हे मुद्दाम सांगतो. उर्दू टीव्ही नाटकाची परंपरा लेखिकांनी घडवलेली आहे. हसीना मोईन यांच्या 'तनहाइयाँ' आणि 'धूप किनारे' या ऐंशीच्या दशकातल्या मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट भारतातही हातोहात फिरत होत्या. फातिमा सुरैया बजिया, बानो कुदसिया हीसुद्धा त्याच परंपरेतली नावं. तिथे नटापेक्षा लेखिकेच्या नावावर मालिका ओळखली जायची. आपल्याकडे मालिका कोणी लिहिली हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल, बघा विचार करून.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

कशफ ही गरीब घरातली, हुशार, कडवट मुलगी. तिच्या आईला, राफियाला, तीन मुली झाल्या. मुलगा नाही म्हणून बाप मुर्तजा याने दुसरं लग्न केलं आणि तो दुसऱ्या घरी राहायला गेला. राफिया शाळेत नोकरी करते, मुलींना शिकवते, आणि नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही. कशफ मात्र काढते. बापावर रागावते, देवाशी भांडते, आणि पुरुष जातीवर विश्वास ठेवायचा नाही हे मनाशी पक्कं करते. दुसरीकडे जारून. श्रीमंत, देखणा, हुशार, लाडावलेला. त्याची आई गजाला नोकरीत आणि समाजकार्यात इतकी गुंतलेली, की आपल्याला आई मिळालीच नाही असं त्याला वाटतं. कॉलेजात कशफ त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवते, तेव्हा तिला नमवायला तो मैत्रीचं नाटक करायचं ठरवतो. ते तिच्या कानावर येतं आणि ती त्याला सुनावते. पुढे दोघंही स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होतात. जारूनचं अस्मारा नावाच्या मैत्रिणीशी लग्न ठरतं आणि मोडतं. मग प्राध्यापक अबरार यांच्या मध्यस्थीने तो कशफला मागणी घालतो. ती आधी नाही म्हणते, मग हो म्हणते. लग्न होतं. सनम सईद आणि फवाद खान यांनी ही दोन कामं केली आहेत, आणि चांगली केली आहेत.

आता बघा. आपल्या ओळखीच्या कुठल्याही प्रेमकथेत इथे पडदा पडला असता. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, संपलं. इथे मात्र निम्मी मालिका उलटून गेल्यावर लग्न होतं आणि खरा विषय तिथून सुरू होतो.

मराठीत या गोष्टीसाठी दोन शब्द आहेत, आणि ते किती नेमके आहेत याकडे आपलं लक्ष जात नाही. एक 'लग्न', दुसरा 'संसार'. लग्न हा शब्द ज्योतिषातला. लग्न म्हणजे जुळलेला, लागलेला क्षण, मुहूर्त. म्हणून आपण 'लग्न लागलं' म्हणतो, आणि ते किती वाजता लागलं हे पत्रिकेत छापतो. संसार हा शब्द आला 'सृ' या धातूपासून. सरणं, वाहत राहणं. लग्न हा क्षण आहे, संसार हा काळ आहे. लग्नाचा फोटो काढता येतो. संसाराचा फोटो काढता येत नाही.

डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्द याने १८४३ साली 'आयदर/ऑर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात एक विवाहित न्यायाधीश आहे. तो त्याच्या प्रेमवीर तरुण मित्राला लांबलचक पत्रं लिहून सांगतो, की बाबा रे, जिंकणं कवितेत दाखवता येतं, कारण जिंकण्याचा एक क्षण असतो. पण मिळालेलं जपणं, रोज जपणं, हे कलेत दाखवता येत नाही. कारण जपण्याला क्षण नसतो, त्याला सगळा काळच लागतो. प्रेमकथेतला नायक राक्षसाशी लढतो. नवऱ्याची लढाई काळाशी असते, आणि ती कुणाला दिसत नाही.

मी बरीच वर्षं हे वर्गात शिकवलं. शिकवताना नेहमी वाटायचं, की या न्यायाधीशाला मालिका हा प्रकार माहीत असता तर तो काय म्हणाला असता? कारण मालिकेकडे काळ असतो. सिनेमाकडे नसतो, कवितेकडे नसतो, मालिकेकडे असतो. संसार दाखवायला याहून सोयीचं माध्यम नाही.

मग आपल्या मालिका संसार का दाखवत नाहीत? त्या घर दाखवतात, स्वयंपाकघर दाखवतात, सासू दाखवतात, मंगळागौर दाखवतात. पण संसार दाखवत नाहीत. कारण संसाराला काळ लागतो, आणि काळ पुढे सरकायला शेवट लागतो. ज्या गोष्टीला शेवटच ठरलेला नाही, तिथे कुठल्याच कृतीचा परिणाम टिकत नाही. आज नवरा चुकला, उद्या माफी, परवा पुन्हा तीच चूक, कारण टीआरपी त्या चुकीला मिळाला. 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका २०१३ ते २०१६ चालली. सुरुवात गोड होती. बँकेत काम करणारी साधी मुलगी, सरळ मनाचा मुलगा. पण पुढे जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की त्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. विनोद सोडून द्या, दुखणं ओळखा. तिथे काळच थांबला होता.

उलट 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवा. २०१२ साली, सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. घना आणि राधा घरच्यांच्या आग्रहातून सुटण्यासाठी करार करून लग्न करतात, आणि मग त्या करारात हळूहळू जीव गुंततो. काही महिन्यांत ती मालिका संपली, म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची शिस्त होती. ती मोडली आणि गोष्टीचा कणा गेला. तेव्हा 'जिंदगी गुलजार है'चं पहिलं श्रेय हे, की तिला २६ भागांत संपायचं होतं. पात्रांनी जे केलं ते त्यांना फेडावं लागतं.

दुसरं श्रेय अधिक मोलाचं आहे. लग्नानंतर या दोघांमध्ये काय बिनसतं? सासू छळत नाही, कोणी विष घालत नाही, कोणाची स्मृती जात नाही. बिनसतं ते विश्वासावरून. जारूनचा मित्र ओसामा याने पूर्वी कशफला मागणी घातली होती. तिने ती नाकारली होती. नाकारलेली गोष्ट नवऱ्याला कशाला सांगायची, म्हणून ती बोलली नाही. ते जारूनला कळतं आणि तो बिथरतो. तू लपवलंस, म्हणतो. स्वतः मात्र मोडलेल्या नात्यातल्या अस्माराशी गाठीभेटी ठेवतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. त्याची मोकळीक ती मोकळीक, तिचं मौन ते कपट. कशफ घर सोडून आईकडे जाते.

या भांडणाची रचना नीट पाहा. मालिकेत दोघंही आपापली डायरी लिहितात, आणि आपल्याला दोन्ही डायऱ्या ऐकू येतात. एकाच प्रसंगाची दोन टिपणं. त्याच्या डायरीत तो समजूतदार आहे, तिच्या डायरीत ती सावध आहे. प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक, त्या दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. म्हणजे पतिपत्नींमध्ये जी दरी असते, ती लेखिकेने प्रसंगातून न सांगता रचनेतूनच दाखवली. कशफचा अविश्वास वाईट स्वभावातून आलेला नाही, बापाच्या वागण्यातून आलेला आहे. तो पुराव्यावर उभा आहे. ती एका माणसाच्या अनुभवावरून सगळ्या पुरुषांविषयी निष्कर्ष काढते. तर्कशास्त्रात याला घाईचं सामान्यीकरण म्हणतात. पण लहानपणी पोटाला चटका बसलेल्या मुलीला तर्कशास्त्र कोण शिकवणार? तिच्या मनातला निष्कर्ष युक्तिवादाने पुसला जात नाही. तो पुसायला दुसरा अनुभव लागतो, आणि दुसऱ्या अनुभवाला काळ लागतो. विश्वास हा असा रोज थोडा थोडा जमा होणारा पैसा आहे. संसार म्हणजे तो जमवणं. हे या मालिकेला कळलेलं आहे.

इथपर्यंत मी स्तुती केली. आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे.

मालिकेच्या तोंडी एक उपदेश आहे. तो राफियाच्या तोंडून येतो, प्रसंगांच्या मांडणीतून येतो, आणि तो असा, की घर टिकवणं बाईच्या हातात असतं. 'सब्र' हा त्यातला मोठा शब्द. आपण धीर म्हणू, सोसणं म्हणू. चांगली बाई सोसते. राफिया सोसते म्हणून थोर. गजाला नोकरीत रमते म्हणून मुलाच्या मनात पोकळी. जारूनची बहीण सारा नवऱ्याशी जुळवून घेत नाही, तिचं लग्न मोडतं, आणि दोष बहुतांशी तिच्याच पदरात पडतो. अस्मारा आपल्या कपड्यांबद्दल, येण्याजाण्याबद्दल ऐकून घेत नाही, तर तिचं लग्न ठरलेलं मोडतं. म्हणजे हिशोब बघा. ज्या ज्या बाईने स्वतःसाठी काही मागितलं, तिला मालिकेने काही ना काही शिक्षा केली. आणि मुर्तजा? ज्याने मुली झाल्या म्हणून बायको टाकली, तो उतारवयात, लाडक्या मुलाने निराशा केल्यावर, पहिल्या घराच्या दाराशी येतो. दार उघडतं. त्याला शिक्षा झाली असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याला परतायला घर शिल्लक होतं. साराच्या बाबतीत इतकी दया दाखवलेली नाही.

हे फक्त पाकिस्तानातलं दुखणं आहे असं समजून खुशीत येऊ नका. शब्द बदला, सब्रच्या जागी तडजोड म्हणा, आपल्या कुठल्याही वाहिनीवर हाच हिशोब चालू आहे.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. सोसणं हा सद्गुण आहे का? माझं उत्तर असं, की सोसणं सद्गुण ठरायचं असेल तर दार उघडं असलं पाहिजे. ज्याला पळून जाता येतं आणि तरी जो थांबतो, त्याच्या थांबण्याला धैर्य म्हणतात. ज्याच्या पायात बेडी आहे त्याच्या थांबण्याला धैर्य म्हणता येत नाही. बेडी घालणाऱ्याने तर मुळीच म्हणू नये. निवड नसेल तिथे नीती नसते, फक्त परिस्थिती असते.

गंमत अशी, की ज्या परंपरेतून ही मालिका आली तिला उघड्या दाराची कल्पना अनोळखी नाही. निकाह हा करार आहे. त्यात दोघांची कबुली आहे, मेहर आहे, आणि बाहेर पडण्याच्या वाटा आहेत. तलाक पुरुषाकडे, खुला स्त्रीकडे. पाकिस्तानात १९६१चा मुस्लिम कौटुंबिक कायदा आहे. त्याने दुसऱ्या लग्नाआधी लवाद मंडळाची परवानगी घ्यायला लावली. तिथल्या निकाहनाम्यात एक रकाना असा आहे, की घटस्फोटाचा अधिकार नवऱ्याने बायकोला दिला आहे का, हे तिथे लिहायचं. मुर्तजासारख्या पुरुषासाठी आणि राफियासारख्या बाईसाठीच हे सगळं केलेलं. पण मालिकेचा सगळा भर कायद्यावर नाही, स्वभावावर आहे. अन्याय झाला की ती दार दाखवत नाही, आकाश दाखवते.

आणि आपण? आपल्याकडे लग्न हा संस्कार, सात जन्मांची गाठ, ती सुटतच नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. पण हे सगळ्या मराठी समाजाचं म्हणणं कधीच नव्हतं. अनेक बहुजन आणि आदिवासी समाजांत काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडली की दोघं मोकळी. पुन्हा जोडीदार करायचा तर पाट होता, मोहतूर होता. मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा नाही, उलट मुलाकडच्यांनी देज द्यायचं, अशी रीत अनेक आदिवासी जमातींत होती. इथल्या जुन्या माणसांना ते मी सांगायला नको. देजात मुलीची किंमत लागते म्हणून टीका झाली, ती काही अंशी बरोबर आहे. पण मुलगी म्हणजे ओझं हा विचार त्यात नव्हता. शिकल्यावर आपण काडीमोड सोडली, पाट सोडला, देज सोडलं, आणि शिकलेल्यांकडून हुंडा घेतला. याला सुधारणा म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

बंद दार उघडायला काय पडलं, ते रखमाबाईंच्या खटल्यात दिसतं. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं ही मुंबईची तरुण मुलगी म्हणाली. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि नंतर त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. आणि मुस्लिम समाजातलं एकाच बाजूने उघडणारं दार? त्याविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाकच्या विरोधात. मोर्चात बायका किती? सात. सातच. पुढे १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. सात बायकांपासून त्या निकालापर्यंत ५१ वर्षं गेली. म्हणून म्हणतो, उघडं दार फुकट मिळत नाही. ते कुणीतरी धक्के मारून उघडलेलं असतं.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. या मालिकेचं कथानक तिच्या उपदेशापेक्षा शहाणं आहे.

राफिया आणि कशफ, दोघींकडे एकत्र बघा. राफियाला दार नव्हतं. तीन मुली, तुटपुंजा पगार, लोकांची जीभ. तिचं सोसणं बघून आपल्याला आदर वाटतो, पण तिला दुसरं काय करता आलं असतं, हेही विचारावंसं वाटतं. कशफकडे मात्र दार आहे. स्वतःची नोकरी, स्वतःचा हुद्दा, आणि लेकीला घरात घेणारी आई. म्हणून जारून वाकडा वागल्यावर ती निघते. उपदेश म्हणतो, बाईने सोसावं. कथानक दाखवतं, ती निघाली म्हणून नवरा भानावर आला. ती थांबली असती, रडत बसली असती, तर त्याच्या डायरीत दुसऱ्या दिवशी तो पुन्हा समजूतदारच राहिला असता. तो तिच्याकडे येतो, माफी मागतो, आणि मग ती परतते. हे परतणं राफियाच्या थांबण्याहून वेगळं आहे, कारण कशफ न परततीही जगू शकली असती.

आणि ती शक्ती तिला कुठून आली? राफियाच्या शिकवण्यातून. सोसण्याचा उपदेश करणाऱ्या आईनेच मुलींना शिकवून, नोकरीला लावून, त्यांच्यासाठी ते दार तयार केलं जे तिला स्वतःला नव्हतं. तोंडाने एक सांगितलं, हातांनी दुसरंच केलं. आपल्या किती आयांनी हेच केलंय! 'नांदायला गेलीस की जुळवून घे' म्हणायचं, आणि 'आधी शिक्षण पुरं कर' म्हणून बापाशी भांडायचं. राफियाचं पात्र मला खरं वाटतं ते याच विसंगतीमुळे.

शेवट पाहा. कशफला जुळ्या मुली होतात. ती घाबरते. कारण तिच्या आयुष्यातलं सगळं दुःख याच एका बातमीतून सुरू झालेलं आहे. मुलगी झाली. जारून आनंदाने मुलींना जवळ घेतो. तीच घटना, दुसरी प्रतिक्रिया. मघाशी म्हटलं ना, निष्कर्ष पुसायला दुसरा अनुभव लागतो? तो हा. एकही मोठं वाक्य न बोलता पहिल्या भागातल्या जखमेचं उत्तर शेवटच्या भागात मिळतं.

हे आपल्यासाठी दूरचं नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या राज्याने केला, १९८८ मध्ये. तरी सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सातारा जिल्ह्यात त्याच वर्षी 'नकुशा' नावाच्या मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम सरकारला करावा लागला. नकोशी, हे नाव! मुर्तजा लाहोरातच राहतो असं थोडंच आहे?

एक शेवटचं. उरीच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिंदगी' वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. मे २०२५ मध्ये, पहलगामनंतर, सरकारने ओटीटी मंचांनाही असा मजकूर काढायला सांगितलं. जवान गेले, निरपराध माणसं गेली, लोकांचा संताप मला कळतो, आणि त्या निर्णयांवर वाद घालायला मी इथे आलेलो नाही. पण समीक्षकाला एक नोंद करावी लागते. सीमेपलीकडच्या घरातही मुलगी झाल्यावर बाई घाबरते, हे दोन वर्षं आपल्याला रोज दिसत होतं, ते दिसायचं थांबलं. न दिसणाऱ्या माणसाबद्दल वाटेल ते मानता येतं. दिसणाऱ्याबद्दल मानायला जड जातं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(एका विद्यार्थिनीचा प्रश्न : सर, पण ती परत का गेली? नोकरी होती, आई होती. नसती गेली तर चाललं असतं ना?)

चाललं असतं, बाळ. आणि तशी मालिका कुणी लिहिली तर मी तीही आवडीने बघेन. तुझा प्रश्न बरोबर आहे, कारण बहुतेक गोष्टींत बाई परत जाते ती लेखकाला दुसरं सुचत नाही म्हणून. इथे मी एवढंच बघतो, की परतण्याआधी काही बदललं का? नवऱ्याने चूक कबूल केली का? केली. तिला पुन्हा निघता येईल का? येईल. या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर परतणं ही निवड आहे, आणि तिच्या निवडीवर तू किंवा मी शिक्का मारायचं कारण नाही. उत्तर 'नाही' असेल, तर ते परतणं नव्हे, ते पकडून आणणं झालं.

(दुसरा प्रश्न, एका ज्येष्ठ श्रोत्याचा : दार उघडं ठेवलं की संसार मोडणारच. आमच्या वेळी दार बंद होतं म्हणून घरं टिकली.)

घरं टिकली, खरं आहे. त्यातले संसार किती टिकले, हे आपल्याला माहीत नाही, कारण त्या बायकांनी डायऱ्या लिहिल्या नाहीत. तुमच्या-माझ्या पिढीतल्या पुरुषांनी घरी जाऊन एकदा विचारायला हरकत नाही. उत्तर आलं नाही तरी चहा येईल.

(हशा)

आणि एक ध्यानात घ्या. तुमच्याच भागात काडीमोड होती तेव्हाही बहुतेक माणसं एकत्रच राहत होती. दार उघडं असतं म्हणून कोणी उठून चालू लागत नाही. आत बसण्यासारखं काही असेल तर माणसं बसतात.